वीस मिनिटांचं अंतर आणि 88 हजारांचा फरक

हजचा फॉर्म भरताना विमानतळाचा रकाना आला की जालना जिल्ह्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. चिकलठाण्याहून जायचं की मुंबईहून? आपण आधी अंतर बघू, मग पैसे.

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर साधारण 3,500 किलोमीटर आहे. औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्याहून ते 3,750 च्या आसपास भरतं. म्हणजे फरक अडीचशे किलोमीटरचा, विमानाच्या हिशेबात जेमतेम वीस मिनिटांचा. एकूण उड्डाण पाच-साडेपाच तासांचं. तिकिटावरच्या वेळा बघून मात्र फसू नका. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. सकाळी 10 ला निघून तिथल्या दुपारी 1 ला उतरलात तर प्रवास तीन नाही, साडेपाच तासांचा झाला. शाळेत रेखावृत्तं शिकलेल्या मुलांनी घरातल्या बुजुर्गांना हे बसून समजावून सांगावं.

आता पैसे. 2023 च्या हजला औरंगाबादहून जाणाऱ्याला मुंबईपेक्षा माणशी सुमारे 88 हजार रुपये जास्त मोजावे लागले. मियाँ-बीवी दोघं निघाले तर पावणेदोन लाखांच्या वर. वीस मिनिटांचे एवढे पैसे?

पण भाडं किलोमीटरवर ठरतच नाही. प्रत्येक विमानतळासाठी कंपन्यांकडून निविदा मागवतात. हाजींना सोडून विमान बहुतेक रिकामं परततं, आणायला पुन्हा रिकामं जातं, तो खर्चही आपल्याच माथी. जिथे हाजी कमी, तिथे कंपन्यांना रस कमी, आणि बोली लावणारा एकटाच असला की तो म्हणेल तो भाव. हे फक्त मराठवाड्याचं दुखणं नाही. 2024 मध्ये केरळात कालिकतचं विमानभाडं कोची आणि कन्नूरच्या जवळपास दुप्पट निघालं होतं. तिथल्या लोकांनी आवाज उठवला, तेव्हा ते कमी झालं. आपल्याकडे लोक मुंबईचा पर्याय घेतात आणि गप्प बसतात.

पण मुंबई स्वस्त म्हणजे सोपी नाही. चिकलठाणा विमानतळ जालना रोडवरच, आपल्यापासून तासाभरावर. मुंबईला वंदे भारतनेही सात तास लागतात, वर हज हाऊसचा मुक्काम आणि पोचवायला येणाऱ्या नातेवाइकांचा खर्च. हा सगळा खर्च धरला तरी 88 हजार होत नाहीत, हे खरं. तरुण जोडप्याने मुंबई निवडावी, असंच आम्ही म्हणू. पण सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या अम्मीला फलाटावरून फलाटावर कोण फिरवणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. विमानतळ निवडायच्या आधी प्रत्येक ठिकाणचं भाडं हज कमिटीने जाहीर करावं. आज आपण आधी विमानतळ निवडतो आणि भाडं नंतर कळतं. कुठल्या दुकानात असा सौदा होतो? आणि आपल्या खासदार-आमदारांनी निविदा निघायच्या आधी दिल्लीत बोलावं. हाजींना निरोप द्यायला विमानतळावर तर ते येतातच.