रोमचा आकार, खासबागेची माती

विलायत पाहून आलेली मंडळी रोमच्या कलोसियमविषयी बोलू लागली की त्यांचा आवाज आपोआप गंभीर होतो. त्यात नवल नाही. इ. स. ८० मध्ये खुली झालेली ती प्रचंड वास्तू! पण आज तिथे जायचे ते पडक्या कमानी पाहायला. खरी मौज आहे व्हेरोनाला. तिथल्या रोमन रिंगणाची बाहेरची भिंत १११७ च्या भूकंपात ढासळली. तिच्या अवघ्या चार कमानी उरल्या. तरी व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त १९१३ साली तिथे ‘आयदा’ ही संगीतिका झाली, आणि महायुद्धांचा खंड सोडला तर पुढे उन्हाळ्याच्या रात्री त्याच दगडी पायऱ्यांवर लोक गाणे ऐकत आले.

आता गंमत पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१२ साली, कोल्हापुरात असेच एक रिंगण खुले झाले. शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि पुढे त्या धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान बांधले. मध्ये तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढती गोलाकार बैठक, मध्ये कुठे खांब नाही. आमच्या कबनूरसारख्या गावाहून आलेल्या शेतकऱ्यालाही सरदाराइतकाच डाव स्वच्छ दिसावा!

महाराजांनी रोमहून आकार तेवढा आणला. तिथे हरलेल्याचा जीव प्रेक्षकांच्या मर्जीवर असे. इथे चीतपट झालेला मल्ल उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पुढल्या कुस्तीच्या तयारीला लागतो.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. तेही महाराजांनीच बांधलेले. मैदानाच्या व्यासपीठालाही झळ पोचली. ते पाहून कोल्हापूरकरांच्या डोळ्यांत पाणी आले. पडक्या अवशेषांसाठी माणूस हळहळतो. रडतो तो आपल्या घरासाठी. वास्तू जिवंत राहते ती माणसांच्या राबत्याने, हे त्या रात्री कळले.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकहो, अंबाबाईचे दर्शन घेऊन तडक पन्हाळा गाठण्याची घाई एखाद्या वेळी आवरा. खासबाग देवळापासून पायी जाण्याइतकी जवळ आहे. मैदान भरणार असेल त्या दिवशी मुलांना घेऊन या. हलगी कडाडू लागली की इतिहास वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.