नुसतं नाव नको, गाव सांगा!

माझं गाव धारूर, जिल्हा बीड. पण तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातही एक धारूर आहे! आमच्याला लोक 'किल्ले धारूर' म्हणतात, म्हणून घोटाळा होत नाही. मुघलांनी १६३१ मध्ये किल्ला घेतला आणि पुढे त्यांच्या नाण्यांवर 'फतेहाबाद धारूर' आलं. पुढचा शब्द बदलला, गाव मात्र तेच राहिलं.

मित्रांनो, एक्सएमएल नेमस्पेसचं मर्म एवढंच आहे. तरी आपल्या लॅबमध्ये 'एक्सएमएलएनएस'ची ओळ एखाद्या मंत्रासारखी कॉपी-पेस्ट होते. अर्थ कुणी विचारत नाही!

वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप. ती उघडून बघा. साध्या मजकुराचा टॅग 'डब्ल्यू:टी', तर समीकरणातल्या मजकुराचा 'एम:टी'. दोन्ही 'टी'च, पण घराणी वेगळी. आता तुम्ही म्हणाल, 'डब्ल्यू' आणि 'एम' हीच त्यांची ओळख. इथेच गाडी चुकते! प्रिफिक्स हे नुसतं टोपणनाव, त्या फाइलपुरतं. खरी ओळख म्हणजे त्याला जोडलेला लांबलचक यूआरआय. तो पत्ता उघडायचा नसतो, तिथे पान असलंच पाहिजे असंही नाही. दुसऱ्या कुणाशी नाव जुळू नये, एवढंच त्याचं काम. डब्ल्यूथ्रीसीने हे नियम जानेवारी १९९९ मध्येच घालून दिले.

आता स्क्रिप्टकडे येऊ. पायथनच्या एलिमेंटट्रीला प्रिफिक्स सांगितला नाही, तर ती स्वतःच 'एनएस०' लावते. दिसायला बेकार, पण शंभर टक्के बरोबर! काही जण मात्र ते बघून घाबरतात आणि फाइलवर रिप्लेस मारून 'एनएस०:' उडवतात. झालं! टॅग बेवारस. फाइल सुटसुटीत दिसते, पण वाचणाऱ्या प्रोग्रामला त्यात ओळखीचं काहीच सापडत नाही. वेगळ्या एसव्हीजी फाइलमधून नेमस्पेस काढून बघा, ब्राउझर चित्राऐवजी टॅगची यादी दाखवतो. एरर नाही, बोंब नाही. ज्याला फाइल दिली तो बिचारा दिवसभर डोकं धरून बसतो.

उपाय साधा आहे. 'रजिस्टर_नेमस्पेस' वापरून हवा तो प्रिफिक्स आधीच सांगा. पीएचपीत 'क्रिएट एलिमेंट'ऐवजी 'क्रिएट एलिमेंट एनएस' वापरा. आणि स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवणं तर सोडाच! एक गोष्ट लक्षात असू द्या, डीफॉल्ट नेमस्पेस टॅगना लागू होतो, अॅट्रिब्यूटना नाही.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. 'नेमस्पेस म्हणजे काय?' हा पाठांतराचा प्रश्न पुरे झाला. त्याऐवजी एकाच मजकुराच्या दोन फाइल द्या, यूआरआय एक, प्रिफिक्स वेगळे. ज्याचा प्रोग्राम दोन्ही वाचेल त्याला मार्क. बघा किती जणांचा प्रोग्राम दुसऱ्या फाइलवर आडवा होतो!

आपण कॉन्व्हेंटमध्ये शिकलो काय किंवा झेडपीच्या शाळेत, पार्सरला त्याचं काही नाही. आपण बनवलेलं डॉक्युमेंट शेवटी अनोळखी माणसाचा प्रोग्राम वाचणार असतो, आणि तेव्हा 'अरे, मला असं म्हणायचं होतं' हे सांगायला आपण तिथे नसतो. म्हणून प्रत्येक टॅगला त्याचा पूर्ण पत्ता देऊनच घराबाहेर पाठवा!