जुनी जीप : हौस, हिशेब आणि हमी

बीड शहराला रेल्वेगाडी दिसली ती २०२५ च्या सप्टेंबरात. तोपर्यंत या शहराचा बाहेरच्या जगाशी जो काही संबंध होता तो रस्त्याने. आणि रस्ता जेथे संपे तेथून पुढे, बालाघाटाच्या वाड्यावस्त्यांवर, तो बैलगाडीने किंवा जीपने. तहसीलदाराची जीप, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची जीप, निवडणुकीत भोंगा बांधून फिरणारी पुढाऱ्याची जीप आणि पुढे पुढे बाजाराच्या दिवशी मागच्या फळीपर्यंत माणसे लोंबकळत नेणारी काळी-पिवळी, अशी या गाडीची परंपरा आहे. कष्टकरी माणसाइतकीच ती या मुलखात राबली, आणि त्या माणसाकडे जितके लक्ष जाते तितकेच तिच्याकडे गेले. गोठ्यालगतच्या पत्र्याच्या छपरात तिची अखेर व्हावी, हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते.

आता चित्र पालटले आहे. ज्या छपराकडे कोणी फिरकत नसे तेथे पुण्या-मुंबईचे शौकीन येऊन बॉनेट उघडून पाहू लागले आहेत, आणि गावातल्या पंचविशीतल्या तरुणालाही रुंद टायरांची, टप नसलेली, रंगाने लखलखणारी जीप दारात हवी आहे. धनिक देशांत ज्या हौसेपायी माणसे जुन्या बाजारात दोन आसनांची स्पोर्ट्स कार धुंडाळीत हिंडतात, तीच ही हौस. तिच्यात गैर काही नाही. सर्वच खरेदी पोटासाठी होत नसते, आणि दुष्काळी जिल्ह्यातील माणसाने फक्त बियाणे आणि पत्रेच विकत घ्यावेत असे म्हणणे हा एक प्रकारचा उद्दामपणाच होय. चिंता वेगळ्या गोष्टीची आहे. गाडी जपून ठेवण्याजोगी आहे काय, ती पोसण्यास काय पडेल आणि रात्री-अपरात्री ती दगा तर देणार नाही ना, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. खरेदीदार मात्र त्यांचे एकच उत्तर गृहीत धरून चालतो. ‘जुनं ते सोनं, किंमत वाढतच जाणार, आणि जुना लोखंडी माल कधी मोडत नाही’, या एका वाक्यात तीनही प्रश्न निकालात निघतात आणि इसार दिला जातो.

वस्तुतः या गुणांचे एकमेकांशी फारसे पटत नाही. फेरारी कंपनीची २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ घडली. त्यांतील एक २०१८ साली कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. ही किंमत दुर्मीळपणाची आहे, हाताशी येणाऱ्या सोयीची नव्हे. याउलट माझ्दा कंपनीने १९८९ साली बाजारात आणलेली छोटी, उघडी स्पोर्ट्स कार लाखांनी खपली. तिचे सुटे भाग मिळत राहिले, आणि २०१७ मध्ये कंपनीनेच जपानात त्या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याचे काम हाती घेतले. भरवसा जन्मतो तो असा, विपुलतेतून आणि रोजच्या वापरातून. संग्राह्यता जन्मते ती दुर्मीळतेतून आणि गाडीला कोणाचा हात न लागण्यातून. दोन्ही एकाच गाडीत नांदणे अशक्य नसले, तरी तो अपवाद समजावा.

जीप जन्माने दुसऱ्या जातीची, म्हणजे विपुलतेची. अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून विलिज आणि फोर्ड या कारखान्यांनी युद्धकाळात या गाड्या सहा लाखांहून अधिक बनविल्या. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिज जीप जुळविण्यास आरंभ केला आणि पुढे ती येथेच घडवू लागली. १९५३ साली अमेरिकेत निघालेले सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप भारतात इतकी वर्षे टिकले की मूळ देश ते विसरून गेला, तरी आपल्याकडे ते चालूच होते. डाव्या बाजूला सुकाणू आणि मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ अशी रंगविलेली सूचना, हे तिचे ध्यान अनेकांच्या स्मरणात असेल. हिच्यात गूढ असे काही नव्हते. पान्याचे दोन संच आणि हातोडी एवढ्या भांडवलावर रस्त्याकडेचा मिस्त्री ती उलगडी आणि पुन्हा जोडी. तिचा सारा लौकिक या सोपेपणाचा आहे.

पण याच सोपेपणाने पुढे एक पेच निर्माण केला. मूळ जीप पेट्रोलवर चाले, आणि तिचे २.२ लिटरचे एंजिन पेट्रोल पिण्याच्या बाबतीत हात आखडता घेणारे नव्हते. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले तसतसे ते एंजिन शेतकऱ्याला आणि भाड्याने गाडी चालविणाऱ्याला न परवडणारे झाले. महिंद्र कंपनीने स्वतः १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी डिझेल एंजिनाच्या निर्मितीचा करार केला. पण जुन्या गाडीच्या मालकाने त्याआधी आणि त्यानंतरही आपला मार्ग आपणच शोधला. पेट्रोलचे एंजिन उतरवायचे आणि हाताशी येईल ते डिझेल एंजिन तेथे बसवायचे. त्यासाठी फाउंडेशन वेल्ड करून घेतले, गिअरपेटीला जोड दिला, रेडिएटर बदलला. मराठवाड्यातील मिस्त्रीच्या कौशल्याचा हा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. हा उद्योग झाला नसता तर आज जे सांगाडे हौशी मंडळी शोधीत येतात त्यांतील बहुतेक केव्हाच भंगारात गेले असते.

आणि नेमकी हीच दुरुस्ती आज गाडीचा दोष ठरते. संग्राहक आधी चासीवरचा आणि एंजिनवरचा क्रमांक पाहतो. ते मूळ नोंदीशी जुळले तर किंमत एक, न जुळले तर निराळीच. ज्या बदलामुळे गाडी जिवंत राहिली, त्याच बदलामुळे तिची किंमत उतरते. बाजाराचे हे शास्त्र निष्ठुर असले तरी समजण्याजोगे आहे. हौशी माणूस आपला पैसा आपल्या अटीवर देतो. आश्चर्य आहे ते कायद्याने हेच शास्त्र जसेच्या तसे उचलल्याचे. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. चासी, सांगाडा किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेली बसत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. शिवाय अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, व्हिंटेज मेळावा, तांत्रिक संशोधन, इंधन व देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढावयाची.

म्हणजे १९६८ सालची एखादी जीप, जिने केज-धारूरच्या रस्त्यांवर अर्धे शतक काढले, ती डिझेल एंजिनामुळे वारसा ठरत नाही. तिने साध्या वाहनाप्रमाणे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे, पर्यावरण कर भरावा आणि २०२५ च्या ऑगस्टमधील अधिसूचनेप्रमाणे वीस वर्षांवरील हलक्या मोटारीसाठी ठरविलेले १० हजार रुपये शुल्कही द्यावे. ज्याच्या बंगल्यात चार गाड्या आहेत त्याची पाचवी, न फिरणारी गाडी कायद्याला वारसा वाटते. जो तीच गाडी शेताच्या बांधापर्यंत नेतो त्याची ती केवळ जुनी. प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही, आणि धूर ओकणाऱ्या डिझेल गाड्यांना मोकळे रान द्यावे असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. पण वयावरून शुल्क लावण्यापेक्षा ब्रेक, सुकाणू आणि धूर यांची खरीखुरी तपासणी करून, वर्षाकाठी मोजक्या किलोमीटरांच्या मर्यादेत अशा गाडीला चालू वारशाचा दर्जा देणे अवघड नव्हते.

खरेदीदाराने मात्र कायदा जसा आहे तसाच धरून हिशेब केला पाहिजे. एंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकात आहे काय, हा पहिला प्रश्न, किंमत दुसरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदलाला परवानगी लागते, आणि मूळ उत्पादकाच्या नमुन्याशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव अशा खुल्या जीप बांधण्यासाठी देशभर नाव मिळवून आहे. तेथील कारागिरी वाखाणण्याजोगीच आहे. पण सांगाडा नवा, एंजिन तिसऱ्याच गाडीचे आणि कागद एका पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीचे, अशी जुळणी कोठूनही आलेली असो, ती आर.टी.ओ.च्या दारात उभी राहिली म्हणजे कारागिरीची प्रशंसा तेथे उपयोगी पडत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने नोंदीतला क्रमांक विचारला, तर त्याहूनही नाही.

पूर्वी एक भरवशाचा मार्ग होता : सरकारी निर्लेखित वाहनांचा लिलाव. जिल्हा परिषदेच्या किंवा पाटबंधारे खात्याच्या आवारात उभी असलेली जीप बोली लावून घ्यावी. तिचा इतिहास एका कार्यालयाचा, कागद स्वच्छ. तो मार्ग १ एप्रिल २०२३ पासून बंद झाला. संरक्षणादी कामांची खास वाहने वगळता पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि ती अधिकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. पुरवठा आटला आणि मागणी वाढली, त्यामुळे भाव चढला. चढत्या भावाकडे पाहून तरुण म्हणतो, ही गुंतवणूक आहे. परंतु चढला आहे तो मूळ स्वरूपातील, कागद जुळणाऱ्या गाडीचा भाव. ज्या गाडीवर त्याची नजर आहे ती बहुधा त्या वर्गातली नसते.

आणि पैसा कोठून येतो? इतक्या जुन्या वाहनाला बँका सहसा कर्ज देत नाहीत. मग उसाच्या बिलातून, मुकादमाकडील उचलीतून किंवा शेकडा दोन-तीन रुपये महिना व्याजाने. जी वस्तू पाच वर्षे छपरात जपली तरच किंमत देईल, ती महिन्याच्या व्याजावर घेणे ही गुंतवणूक नव्हे. रोजचा खर्च तर वेगळाच. मूळ पेट्रोल एंजिनाची जीप लिटरला आठ किलोमीटर देते असे उदारपणे धरले, तरी बीडहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन यावयास तीस लिटरांहून अधिक पेट्रोल लागेल. लिटरमागे शंभरावर रुपये मोजावे लागतात तेथे एका फेरीचे तीन हजारांवर झाले, आणि यात वाटेत तापलेल्या रेडिएटरची हकीकत धरलेली नाही.

भरवशाविषयीही भाबडेपणा पुष्कळ. जुनी जीप मोडत नाही हे खरे नाही. ती वारंवार मोडते, पण दुरुस्त होते, असे म्हणणे अधिक बरोबर. तिचा भरवसा लोखंडात नव्हता, तो गावोगावच्या गॅरेजात बसलेल्या माणसात होता. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून जेट बदलणारा, ट्रान्सफर केसचे बेअरिंग हाताने चाचपून सांगणारा तो मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहे, आणि त्याच्या मुलाने एक तर मोबाइलचे दुकान टाकले आहे किंवा नव्या गाड्यांच्या कंपनीच्या वर्कशॉपात नोकरी धरली आहे. मुलाला दोष देता येत नाही. मात्र धारूरच्या किंवा मांजरसुंभ्याच्या घाटात, बूस्टर नसलेल्या चारही ड्रम ब्रेकांवर भरलेली जीप उतरवीत असताना, त्या ब्रेकांची शेवटची जुळणी कोणी केली होती हा प्रश्न संग्रहमूल्याहून पुष्कळ मोठा होतो. ज्याला लेकरेबाळे घेऊन रोज फिरावयाचे आहे त्याने मागील दहा-बारा वर्षांतली, कारखान्यातूनच डिझेल एंजिन घेऊन आलेली गाडी पाहावी. तिला उद्या कोणी शौकीन शोधीत येणार नाही, पण तिचे भाग बीडच्या बाजारात संध्याकाळपर्यंत मिळतील.

ज्याला जपण्यासाठीच हवी आहे, त्याने मालकाच्या घरी जाऊन घाई न करता आणखी एक चौकशी करावी. डिझेल बसविताना उतरविलेले मूळ पेट्रोल एंजिन कोठे गेले? खेड्यात वस्तू सहसा फेकली जात नाही. क्वचित ते गोठ्याच्या कोपऱ्यात, कडब्याखाली, क्रमांकासकट अजून पडलेले सापडते, आणि मालकाच्या लेखी त्याचा भाव भंगारवाल्याने सांगितलेला, किलोचा असतो. चासीशी क्रमांक जुळत असेल, तर गाडीची किंमत ठरविताना त्या एंजिनाचा खरा भाव त्या मालकालाही सांगावा.