चषक कुणाच्या नावाचा?

विंबल्डनची टेनिस स्पर्धा १८७७ साली सुरू झाली ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना तिथे शिरायला १८८४ उजाडलं. तेरा जणी उतरल्या. अंतिम सामन्यात मॉड वॉटसनने आपल्याच थोरल्या बहिणीला, लिलियनला हरवलं. मॉडला बक्षीस चांदीची फुलांची परडी. लिलियनला हातआरसा आणि केसांचा ब्रश! जिंकली काय, हरली काय, बाईने घर सजवावं नाहीतर नटावं. रोख बक्षीस पुरुषांइतकं मिळायला तिथे २००७ साल यावं लागलं.

बहिणी आपल्याकडेही होत्या. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४०च्या दशकात बॅडमिंटन गाजवलं, राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. पण वरणगावात ‘देवधर’ म्हटलं की पुरुषमंडळी लगेच सांगतात, देवधर ट्रॉफी, क्रिकेट! ती १९७३ साली वडिलांच्या नावाने सुरू झाली. मुलींच्या हाती रॅकेट देणाऱ्या त्या बापाचं मोठेपण मी नाकारत नाही. त्या काळी ते सोपं नव्हतं. आजही आमच्याकडे कितीतरी घरांत पोर न्हाती झाली की खेळणं बंद.

म्हणून मुलींच्या बॅडमिंटन स्पर्धेसाठी ‘देवधर भगिनी चषक’ असं नाव मी सुचवलं. “तीन-तीन नावं कशाला? वडिलांचंच द्या, लोकांना कळेल तरी,” असं उत्तर मिळालं. मी अजून मागे हटलेले नाही. पुढच्या बैठकीला मुलींनाच घेऊन जाणार आहे.