अडीच कोटींचा ‘सूक्ष्म’ आणि अडीच लाखांचा ‘श्रीमंत’

या देशात लहान कोण आणि मोठा कोण, हे ठरवण्यासाठी सरकारकडे दोन फूटपट्ट्या आहेत. एक आमच्यासाठी आणि दुसरी बाजारासाठी.

पहिली फूटपट्टी बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला २१ हजारांच्या आत. खोलीचे भाडे वाढले, मेसचे दर वाढले, एसटीचे तिकीट वाढले, पण ही मर्यादा वर्षानुवर्षे जागची हललेली नाही. बापाचा पगार थोडा वाढला की पोरगा कागदोपत्री ‘श्रीमंत’ होतो आणि शिष्यवृत्तीला मुकतो.

आता दुसरी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात २५ लाखांपर्यंत यंत्रसामग्री असलेला कारखाना ‘सूक्ष्म’ होता. १ जुलै २०२० पासून ही मर्यादा १ कोटी झाली आणि सोबत ५ कोटींच्या उलाढालीची अट आली. १ एप्रिल २०२५ पासून ती २.५ कोटी गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल झाली. ‘लघु’ची मर्यादा आता २५ कोटी व १०० कोटी, तर ‘मध्यम’ची १२५ कोटी व ५०० कोटी आहे. १९ वर्षांत ‘सूक्ष्म’ची गुंतवणूक मर्यादा दहापट झाली. एवढेच नव्हे, उद्योग वाढून वरच्या वर्गात गेला तरी करेतर सवलती एकदम जाऊ नयेत म्हणून २०२२ मध्ये त्याला तीन वर्षांची मुभा दिली गेली. आमच्या विद्यार्थ्याला तीन महिन्यांचीही मुभा नाही.

कुणी म्हणेल, महागाई वाढली, यंत्रे महागली, मर्यादा वाढवणे भागच होते. मान्य. मग महागाई फक्त कारखानदाराच्या दारात येते काय? आमचा आक्षेप मर्यादा वाढवण्याला नाही. आक्षेप असा की मर्यादा वाढवताना तळाशी कोण उरला, याकडे कुणी पाहिलेच नाही. ४० हजारांचे शिलाई मशीन चालवणारी बाई आणि २ कोटी ४० लाखांची यंत्रे बसवलेला कारखानदार आज एकाच ‘सूक्ष्म’ रांगेत उभे आहेत. कर्ज, अनुदान, सरकारी खरेदी यांची खिडकी उघडली की त्या रांगेत पुढे कोण पोचेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्या अधिसूचनेच्या व्याख्येत आहे. गुंतवणूक मोजताना जमीन आणि इमारत धरली जात नाही. फक्त यंत्रसामग्री व उपकरणे मोजली जातात. वरवर ही तांत्रिक बाब वाटते. पण या देशात जमीन कुणाच्या नावावर आहे आणि कुणाच्या नाही, हे जातीने ठरवले आहे. रस्त्याकडेच्या बापजाद्याच्या जागेवर स्वतःची इमारत बांधून दुकान टाकणारा आणि भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणारा, दोघांची मशीन सारखी असली तर सरकारच्या लेखी दोघे सारखेच. मोजणीत जमीन वगळली. मात्र तोच उद्योजक बँकेत गेला की पहिला प्रश्न जमिनीचा!

आमच्या परिचयातला एक तरुण आहे. आयटीआयमधून वेल्डिंग शिकला. तालुक्याच्या गावी भाड्याच्या शेडमध्ये ग्रिल आणि गेट बनवतो. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र त्याला मोबाईलवर एका संध्याकाळी मिळाले. त्याला ४ लाख कर्ज हवे होते. बँकेतल्या साहेबांनी सांगितले, “सातबारा आणा, नाहीतर सरकारी नोकरीतला जामीनदार आणा.” याच्याकडे दोन्ही नाही. घर वस्तीत, तेही आजोबांच्या काळापासून उताऱ्याशिवाय. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना होती. ती सूचना छापून आम्ही अर्जाला जोडली. तीन महिन्यांनी एका ओळीचे उत्तर आले की प्रस्ताव व्यवहार्य नाही.

‘मग स्टँड अप इंडिया कशासाठी होती?’ असे विचारणारे भेटतात. ५ एप्रिल २०१६ ला सुरू झालेल्या त्या योजनेत कर्ज १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. ज्याला ४ लाख हवेत त्याने काय करायचे? आणि प्रत्येक बँक शाखेने किती जणांना द्यायचे? किमान एक अनुसूचित जाती ‘किंवा’ जमातीचा कर्जदार आणि किमान एक महिला. त्या ‘किंवा’मध्ये एका शाखेच्या हद्दीतले दोन समाज एका खुर्चीवर बसवले.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता. तेव्हा सगळे म्हणत होते की जमिनीचे तुकडे लहान आहेत, ते एकत्र करा, प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी मुळावरच बोट ठेवले. नुसत्या आकारावरून जमीन किफायतशीर की तोट्याची हे ठरत नाही. तिच्याशी भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण काय आहे, यावर ते ठरते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दिल्लीतले धोरणकर्ते अजून आकारच मोजत बसले आहेत. यंत्र किती लाखांचे हे ते विचारतात. त्या यंत्राच्या पाठीशी जमीन आहे का, उधारीवर पत्रा देणारा नातेवाईक व्यापारी आहे का, बिल थकले तर दोन महिने तग धरेल एवढी शिल्लक आहे का, हे विचारत नाहीत.

याचा परिणाम सरकारच्याच आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत (२०१५-१६) देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग मोजले गेले. त्यातले ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म होते. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के. सूक्ष्म उद्योगांत त्यांची मालकी १२.४८ टक्के. लघु उद्योगांत ५.५० टक्के. आणि मध्यम उद्योगांत ०.०० टक्के. नोंदणीकृत कंपन्या या पाहणीत नव्हत्या, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण जिना कसा चढत जातो ते पाहा. प्रत्येक पायरीवर आमची माणसे कमी होतात आणि वरच्या मजल्यावर कुणीच उरत नाही. जातिव्यवस्थेचा मनोरा याहून वेगळा असतो काय?

आता सरकारी खरेदीकडे या. २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी ठरावीक वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा. हा वाटा आज २५ टक्के आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी. ऐकायला छान वाटते. पण पुढचे कलम वाचा. असे उद्योग निविदेत आले नाहीत, किंवा अटी आणि सर्वात कमी दर यांत बसले नाहीत, तर हे ४ टक्के इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढायचे. आमच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ हे वाक्य आम्ही नोकरभरतीत आयुष्यभर ऐकले. पण नोकरीत निदान अनुशेष तरी मोजला जातो, त्यासाठी मोर्चा काढता येतो. इथे अनुशेषच नाही. यंदाची जागा यंदाच दुसऱ्याला देऊन टाकली, वही बंद!

‘धंद्याला जात नसते, गिऱ्हाईक माल बघते’ असे आम्हाला ऐकवले जाते. लंडनहून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक तुटले. माल तोच होता, बुद्धी तीच होती. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. ज्यांना धंद्याची जात दिसत नाही त्यांनी तो वाचावा.

आम्हाला उपदेश होतो की नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. व्हायचेच आहे. पण मग हा उपदेश आरक्षण गुंडाळण्याचे निमित्त नको. आमच्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, ‘सूक्ष्म’ वर्गात १० लाखांपर्यंत यंत्रसामग्री असणाऱ्यांचा वेगळा पोटगट करा आणि कर्ज, हमी व अनुदानाचा ठरावीक हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दुसरी, ४ टक्क्यांतला न भरलेला भाग पुढच्या वर्षी अनुशेष म्हणून जोडा. तो दुसऱ्याला देऊ नका.

तिसरी, उद्यम नोंदणीत सामाजिक प्रवर्ग विचारलाच जातो. मग प्रवर्ग, उद्योगाचा आकार आणि मिळालेले कर्ज हे तिन्ही एकाच तक्त्यात, जिल्हावार, दर वर्षी जाहीर करा.

चौथी, १० लाखांच्या आत तारण मागणाऱ्या बँक शाखेला लेखी कारण देणे बंधनकारक करा आणि त्यावर जिल्हा पातळीवर अपील ठेवा.

आणि पाचवी, उद्योगाची मर्यादा जेव्हा वाढेल तेव्हा शिष्यवृत्तीची मर्यादाही वाढली पाहिजे. महागाई सगळ्यांना एकच असते.

थोडे आपल्याकडेही बघू. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तके, मूर्ती, कॅलेंडर विकणारे आपले भाऊ आणि बहिणी हे सगळे सूक्ष्म उद्योजकच आहेत. चळवळीने त्यांना कधी उद्योजक म्हणून मोजले नाही. आपण नोकरीच्या अनुशेषासाठी लढलो आणि ते योग्यच होते. आता बाजारातल्या अनुशेषासाठीही लढावे लागेल. त्याची सुरुवात आपापल्या तालुक्यातून करा. कुणाचा कर्ज अर्ज का फेटाळला, याची माहिती अधिकारात विचारणा करा. दहा अर्ज, दहा उत्तरे एका फाईलमध्ये ठेवा. ती फाईल घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यासमोर बसू, तेव्हा ‘व्यवहार्य नाही’ म्हणजे नक्की काय, हे त्यांना सांगावेच लागेल.

जय भीम!