मत्सर, असूया आणि संशय : ‘ऑथेल्लो’च्या अध्यापनाविषयी

शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ आपल्या वर्गात येते तेच मुळी एक बिरुद मिरवीत. ‘हॅम्लेट’ ही अनिश्चयाची, ‘मॅक्बेथ’ ही महत्त्वाकांक्षेची, तशी ‘ऑथेल्लो’ ही मत्सराची शोकात्मिका, असे एक समीकरण विद्यार्थ्याच्या हाती नाटक पडण्यापूर्वीच पडलेले असते. पुढे व्यक्तिरेखांचा अभ्यास सुरू होतो तो या समीकरणाला पुरावे गोळा करण्यासाठी. ऑथेल्लो उदात्त पण मत्सरग्रस्त, यागो दुष्ट आणि मत्सरी, डेस्डिमोना निष्पाप. एवढे सांगितले की नायकाचा स्वभावदोष सिद्ध झाला आणि उत्तरही पूर्ण झाले. तौलनिक साहित्याच्या निमित्ताने मराठीच्या पदव्युत्तर वर्गात हे नाटक शिकविले जाते तेव्हाही फारसे वेगळे काही घडत नाही. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या समीकरणातील ‘मत्सर’ या एका शब्दाला आहे. हा शब्द या नाटकापुरता अपुरा तर आहेच, शिवाय तो दिशाभूल करणारा आहे.

मराठी मनाला मत्सर म्हटला की षड्रिपू आठवतात. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर ही यादी कीर्तनातून आणि शालेय सुभाषितांतून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे मत्सर म्हणताच नाटकाची नीतिकथा होते. एका थोर पुरुषाने एका रिपूवर विजय मिळविला नाही आणि तो लयाला गेला, असा तिचा सारांश. वास्तविक या भावकुळातील छटा वेगळ्या करण्याची सोय आपल्या भाषेइतकी थोड्याच भाषांत असेल. हेवा, असूया, ईर्ष्या, द्वेष, मत्सर, शंका, संशय हे शब्द समानार्थी नाहीत. भरताने व्यभिचारी भावांची गणना केली तेव्हा शंका आणि असूया हे दोन भाव स्वतंत्रपणे मोजले. (त्याच तेहतीस भावांत अपस्मारही आहे, आणि चौथ्या अंकात ऑथेल्लोला जो झटका येतो तो हाच. शेक्सपिअरला नाट्यशास्त्र ठाऊक नव्हते हे उघड आहे. परंतु आपल्याला ते ठाऊक असून आपण त्याचा उपयोग करीत नाही, हे अधिक खेदाचे.)

प्रथम यागोकडे पाहू. त्याच्या दुष्टतेला कारणच नाही, तो स्वतःसाठी कारणे शोधत फिरतो, हे कोलरिजचे मत आपल्या अध्यापनात जवळजवळ प्रमाण मानले गेले आहे. कारणे तो शोधतो हे खरे. उपसेनापतीचे पद कॅसिओला मिळाले, हे पहिले कारण. ऑथेल्लोचा आपल्या पत्नीशी संबंध असावा, हे दुसरे. पुढे याच यादीत तो कॅसिओलाही घालतो. मात्र पाचव्या अंकाच्या आरंभी, कॅसिओला मारण्याचा बेत रचलेला असताना, त्याच्या तोंडून सहज एक कारण निसटते, आणि ते आधीच्या सर्वांहून खरे आहे : कॅसिओच्या नित्याच्या जगण्यात असे काही सौंदर्य आहे की त्यापुढे आपण कुरूप ठरतो, अशा आशयाचे ते उद्गार आहेत. याला हेवा म्हणणे पुरेसे नाही. ज्याचा हेवा वाटतो ते आपल्याला मिळावे असे वाटते. यागोला कॅसिओचे सौंदर्य नको आहे, ते नसावे असे त्याला वाटते. अमरकोशात असूयेचा जो अर्थ दिला आहे, म्हणजे गुणांच्या ठिकाणीही दोषांचा आरोप करणे, तो यागोला तंतोतंत लागू पडतो. नव्हे, तीच त्याची कार्यपद्धती आहे. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो आपला बेत सांगतो तो असा की, डेस्डिमोनाच्या सद्गुणालाच आपण काळिमा फासू आणि तिच्या चांगुलपणाचेच जाळे विणू. ती कॅसिओसाठी रदबदली करील, कारण ती दयाळू आहे; आणि जितकी ती अधिक दयाळू तितकी ती अधिक अपराधी दिसेल. यागोला डेस्डिमोनाचा एकही दोष शोधावा लागत नाही. तिचे गुण त्याला पुरतात.

ऑथेल्लोच्या ठिकाणी यातले काहीच नाही. त्याला कोणाच्या गुणांचे वैषम्य नाही, कोणाचे काही हवेही नाही. त्याला ग्रासतो तो संशय. एलिझाबेथकालीन इंग्रजीत ज्या शब्दाचे भाषांतर आपण ‘मत्सर’ असे करतो, त्या शब्दाच्या अर्थकक्षेत संशय हा अर्थ ठळकपणे येत असे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे संशय हा शब्द योजण्यात आपण मूळ संहितेपासून दूर जात नाही, उलट तिच्या अधिक जवळ जातो.

संशय म्हटला की प्रश्न नीतीचा राहत नाही, ज्ञानाचा होतो. मला जे कळले आहे असे मी समजतो ते मला कसे कळले? तिसऱ्या अंकातील तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो यागोचा गळा धरून डोळ्यांनी दिसणारा पुरावा मागतो. आपल्या परिभाषेत, तो प्रत्यक्ष प्रमाण मागतो. त्याला मिळते काय? कॅसिओ झोपेत काय बरळला याची यागोने सांगितलेली हकीकत, म्हणजे निव्वळ शब्द. आणि एका हातरुमालावरून काढलेले अनुमान. थॉमस रायमरने १६९३ मध्ये या रुमालाची यथेच्छ टवाळी केली होती. एवढ्याशा फडक्यावर शोकात्मिका उभी राहते कशी, असा त्याचा सवाल. रायमरची थट्टा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याचा प्रश्न बरोबर होता. फडके क्षुद्र आहे हेच नाटककाराला दाखवायचे आहे. मन आधीच निर्णयाला आलेले असले की पुरावा किती छोटा चालतो, हे त्यातून दिसते.

नाटकातील कालगणनेकडेही या दृष्टीने पाहावे. सायप्रसला जाताना कॅसिओ एका जहाजात, डेस्डिमोना यागो-एमिलियासह दुसऱ्या, आणि ऑथेल्लो तिसऱ्या जहाजात आहे. पहिली रात्र उत्सवाची आणि कॅसिओच्या दंगलीची. दुसऱ्या दिवशी संशयाचे बीज पडते, आणि त्यापुढे खुनापर्यंतचा काळ रंगभूमीवर तासांत मोजावा इतका थोडा भासतो. ज्या व्यभिचारासाठी पत्नीचा जीव घेतला जातो, त्याला या वेळापत्रकात जागाच नाही. उलट बियांका म्हणते की कॅसिओ आठवडाभर आपल्याकडे फिरकला नाही. टीकाकारांनी या दुहेरी काळावर पुष्कळ लिहिले आहे आणि तो रचनेचा दोष की कौशल्य असा वादही घातला आहे. मला त्यात संशयाचे अचूक चित्रण दिसते. संशयी माणूस तारीखवार विचार करीत नाही. केव्हा, कोठे, हे प्रश्न त्याला सुचत नाहीत, आणि सुचले तर संशय टिकणार नाही.

हा संशय ऑथेल्लोच्या स्वभावातून आपोआप उगवला काय? ब्रॅडलीने १९०४ मध्ये ऑथेल्लो हा स्वभावतः संशयी नाही असे प्रतिपादन केले. १९३७ मध्ये लीव्हिसने त्याला कडाडून विरोध केला आणि यागो केवळ निमित्त आहे, रोग ऑथेल्लोच्या आत्मप्रेमातच आहे असे मांडले. आपल्या वर्गात या दोन बाजू ‘साधक-बाधक चर्चा करा’ या सदरात येतात आणि तेथेच विसावतात. दोघेही व्यक्तिरेखेच्या आतच कारण शोधतात, ही त्यांच्यातील समान मर्यादा मात्र सांगितली जात नाही. यागोचे खरे हत्यार कोणते ते पाहा. व्हेनिसच्या स्त्रिया पतीपासून काय लपवितात हे तू परका असल्याने तुला माहीत नाही, असे तो सुचवितो. तिने बापाला फसविले होते याची आठवण देतो. हे वाक्य मुळात ब्रॅबन्शिओचे, पहिल्या अंकातले, सिनेटसमोर उच्चारलेले. आपल्या वर्णाच्या, वंशाच्या, दर्जाच्या वरांना नाकारून हिने याला पत्करले, यातच काही विकृती असली पाहिजे, असेही तो म्हणतो. आणि एकटा पडताच ऑथेल्लो तेच सारे स्वतःविषयी बोलू लागतो : आपण काळे आहोत, दरबारी गोडवा आपल्या बोलण्यात नाही, वय उतरणीला लागले आहे. व्हेनिसला युद्धासाठी हा माणूस हवा आहे, जावई म्हणून नको आहे. यागोने नवे काही सांगितलेले नाही. नगरात जे बोलले जात होते ते त्याने ऑथेल्लोच्या कानात घातले. परकेपणाची ही जाणीव आणि पतीला पत्नीवर दिलेली सत्ता या दोन गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर संशय संशयच राहिला असता.

सत्तेचा हा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून बियांकाकडे वळावे. तिच्या वाट्याला आपल्या उत्तरपत्रिकांत दोन ओळीही येत नाहीत. तोच रुमाल कॅसिओकडून तिच्या हाती येतो आणि तिलाही वाटते की हा कोणा नव्या मैत्रिणीचा. ती काय करते? सरळ विचारते. चिडते, पुन्हा येऊन रुमाल त्याच्यापुढे टाकते, आणि जाता जाता रात्री जेवायला ये असेही सांगते. याच नाटकात, याच वस्तूवरून, संशयाची ही दुसरी गत आहे. उलट ऑथेल्लो चौथ्या अंकात डेस्डिमोनाला वेश्या म्हणतो, पण आरोप काय आणि कोणाबाबत हे तिला सांगत नाही. कॅसिओचे नाव घेऊन आरोप तिच्या कानी पडतो तो थेट पाचव्या अंकात, शय्येपाशी, निकाल ठरल्यानंतर. बियांकाला विचारावेच लागते, कारण शिक्षा देण्याचा अधिकार तिच्याजवळ नाही.

मराठी रंगभूमीला या भेदाचे उदाहरण घरातच आहे. ‘ऑथेल्लो’ मराठीत १८६७ मध्येच महादेवशास्त्री कोल्हटकरांच्या भाषांतराने आले. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी त्यावरून ‘झुंझारराव’ रचले. आणि मोलिएरच्या कथानकाच्या आधारे ‘संशयकल्लोळ’ लिहिणारेही देवलच. एकाच नाटककाराने संशयाची शोकात्मिका आणि संशयाची सुखात्मिका दोन्ही मराठीत आणल्या, आणि दुसरीला नाव देताना मत्सर हा शब्द न घेता संशय हा घेतला, याकडे आपल्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. तेथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. फाल्गुनरावाचा संशय ऑथेल्लोहून तसूभरही कमी नाही. फरक असा की कृत्तिकाही तितकीच संशयी आहे आणि तितकीच बोलकी. संशय दोन्हीकडे समान आहे, म्हणून आपण हसू शकतो. शास्त्रकारांनी शृंगारात ईर्ष्यामान स्त्रियांचा मानला; रुसावे तिने आणि समजूत काढावी त्याने, असा तो संकेत. पुरुषाच्या संशयाला त्या व्यवस्थेत रुसव्याची जागा नाही. आणि ज्याला रुसता येत नाही पण मारता येते, त्याचे काय होते हे ‘ऑथेल्लो’त दिसते.

वृत्तपत्रांत ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो आहोत. त्या वाक्याची रचना तपासून पाहावी. खून पतीने केला, संशय पतीचा, परंतु वाक्यात पहिले येते ते पत्नीचे चारित्र्य. पतीचे नाव बातमीत पुढे केव्हातरी येते. ‘ऑथेल्लो’च्या व्यक्तिचित्रणाच्या प्रश्नाला आपण जी उत्तरे लिहवून घेतो त्यांची रचना याहून फार वेगळी नसते. डेस्डिमोना निष्पाप होती हे आपण इतक्या आवर्जून सांगतो की, ती निष्पाप नसती तर काय, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला तर आपल्याजवळ उत्तर नसते. माझ्या मते अध्यापनाची सुरुवातच या प्रश्नापासून करता येईल.

तो प्रश्न नाटकात विचारला जातो तो एमिलियाकडून. तिला आपण ‘विश्वासू दासी’ म्हणून मोकळे होतो. ती तशी नाहीच. रुमाल उचलून नवऱ्याला तिनेच दिला, आणि डेस्डिमोनाने विचारले तेव्हा ठाऊक नाही असे तिनेच सांगितले. परंतु स्वतःच्या नवऱ्याचा संशय सोसलेली या नाटकातील ती एकमेव अनुभवी स्त्री आहे. संशयी माणसाला कारण लागत नाही, तो संशयी असतो म्हणूनच संशय घेतो, हे निदान तिचे आहे. चौथ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात डेस्डिमोनावरील आरोप ऐकून ती विचारते : कोणाबरोबर, कोठे, केव्हा, कसे? साऱ्या नाटकात ऑथेल्लोने एकदाही नीट न विचारलेले हे प्रश्न. त्याच अंकाच्या अखेरीस ती पतींच्या दोषांविषयी आणि स्त्रियांनाही त्यांच्यासारखीच इंद्रिये व वासना असण्याविषयी बोलते. डेस्डिमोना निर्दोष आहे हे सिद्ध करण्यापलीकडे जाणारे, दोषी असती तरी काय या प्रश्नाला भिडणारे, नाटकातले हे एकच भाषण आहे.

हे भाषण १६२३ च्या फोलिओत आहे, १६२२ च्या क्वार्टोत नाही. डेस्डिमोनाचे विलोचे गाणेही क्वार्टोत नाही. ते रंगभूमीवर गाळले गेले की नंतर वाढविले गेले, हा वाद पाठचिकित्सकांचा आहे. आपल्या विद्यार्थ्यांपुढचे काम त्याहून सोपे आणि अधिक निकडीचे आहे. कोल्हटकर आणि देवलांपासून १९६१ च्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘ऑथेल्लो’पर्यंतच्या मराठी संहिता शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि एमिलियाच्या या भाषणाचे प्रत्येकात काय झाले ते ओळीनिशी पाहावे. किती राहिले, किती सौम्य झाले, आणि मूळच्या त्या एका इंग्रजी शब्दासाठी कोठे मत्सर, कोठे संशय, कोठे आणखी काही योजले गेले, याची नोंद करणे एका प्रबंधिकेच्या आवाक्यातले काम आहे.