घासा, पण तासू नका!

दात घासावेत असे मी गेली वीस वर्षे शाळेत सांगत आले आहे. दात तासावेत असे सांगणारे लोक आता गावोगाव पाट्या लावून बसले आहेत, आणि आज मला भांडायचे आहे ते त्यांच्याशी. दिवाळीचे दिवस, समोर फराळाचे ताट, आणि बाई दातांचे काय काढून बसल्या, असे कुणी म्हणेल. पण कडबोळे मोडताना जे कामी येतात त्यांची आठवण दिवाळीत नाही काढायची तर केव्हा काढायची? शिवाय तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात, आणि हा धंदा भरास येतो तो ऐन लग्नसराईत. 'लग्नाआधी नवे हसू!', 'दोन भेटींत मोत्यांसारखे दात!' असल्या जाहिराती मुलामुलींच्या हातातल्या फोनवर दिवसरात्र झळकत असतात. तेव्हा जे बोलायचे ते मुहूर्ताच्या आधी बोललेले बरे.

या नव्या हसूचे नाव व्हेनियर. शब्द मुळात सुतारकामातला. हलक्या लाकडावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, ते व्हेनियर. दंतवैद्याकडचे व्हेनियर म्हणजे पोर्सेलीनचा, नाहीतर कॉम्पोझिट नावाच्या मसाल्याचा पापुद्रा. जाडीला नखाएवढा. तो दाताच्या दर्शनी अंगावर कायमचा चिकटवायचा. मग दात पिवळट असो, दोन दातांत फट असो, एखादा किंचित वाकडा असो, सगळे झाकले जाते. येथवर कुणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढे. वरून पापुद्रा चढवला की दात जाड दिसतो, ओठ पुढे येतो. म्हणून आधी मूळचा दात जवळजवळ तेवढाच तासून काढतात. अगदीच न तासता किंवा नाममात्र तासूनही काही ठिकाणी काम भागते, नाही असे नाही. पण दात पुढे आलेला असला किंवा फार काळवंडलेला असला, तर तो मार्ग बहुधा खुंटतो.

'अहो, अर्धा मिलिमीटर तर तासायचा!' असे सांगतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना पट्टीवर दाखवताना माझे डोळे दुखतात, हे खरे. पण दातावरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते हिरडीजवळ मुळात असते तरी किती? तेही अर्ध्या मिलिमीटरच्याच आसपास, कधी त्याहून कमी. म्हणजे हात जरा जड पडला की कवच संपले आणि आतला मऊ भाग उघडा पडला. त्या आतल्या भागात सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांची वाट थेट दाताच्या गाभ्याकडे, नसेकडे जाते. मग माठातले पाणी प्यायले तरी डोक्यात कळ जाते. आणि गंमत पाहा, तो चिकटवायचा पापुद्राही कवचावर जितका घट्ट धरतो तितका या आतल्या भागावर धरत नाही. जास्त तासलेल्या दाताला कळही जास्त आणि पापुद्रा निखळण्याची भीतीही जास्त.

आता हे कवच आहे काय चीज, ते ऐका. आपल्या शरीरात याच्याइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. वजनाने शंभरात शहाण्णव भाग निव्वळ खनिज. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधीच आपले काम पुरे करतात आणि दात उगवला की नाहीशा होतात. केस कापला तर वाढतो, नख वाढते, मोडलेले हाडसुद्धा सांधते. तासलेले कवच मात्र मरेपर्यंत परत येत नाही. ते घडवणारा कारागीरच घर सोडून गेलेला असतो. म्हणून व्हेनियर नको वाटले तर काढून टाकू आणि पूर्वीसारखे राहू, ही सोय उरत नाही. एकदा दात तासला की त्यावर जन्मभर काही ना काही चढवून ठेवणे आले.

जन्मभर म्हणजे किती, याचा हिशेब मी मॅट्रिक झालेली बाई करू शकते. पोर्सेलीनचे व्हेनियर चांगले बसले आणि नीट जपले तर साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकते. एखादे वीस वर्षे जाते, एखादे पाच वर्षांत तडकते. पंधराचा उदार हिशेब धरू. बावीस वर्षांच्या मुलीने वरचे आठ दात करून घेतले. सदतिसाव्या वर्षी ते बदलायचे, बावन्नाव्या वर्षी पुन्हा, सदुसष्टाव्या वर्षी आणखी एकदा. चार वेळा आठ म्हणजे बत्तीस. म्हणजे आठ दात झाकण्यासाठी आयुष्यभरात अख्खी बत्तिशी विकत घ्यायची! शिवाय जुने काढताना खालचा दात पुन्हा थोडाफार खरवडला जातो तो वेगळाच. पहिल्या खेपेचे पैसे बाप देतो. दुसरी, तिसरी आणि चौथी खेप कुणाच्या खिशातून, हे मात्र जाहिरातीत छापलेले नसते.

या वस्तूचा जन्म कुठे झाला, तेही सांगण्यासारखे आहे. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने सिनेमातल्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे केले. ते तात्पुरते चिकटवायचे, कॅमेऱ्यासमोर हसायचे, आणि चित्रण संपले की काढून ठेवायचे. पुढे १९५५ साली मायकेल बुओनोकोर या संशोधकाने दाखवून दिले की कवचावर आम्ल लावून ते खरखरीत केले की त्यावर मसाला घट्ट धरतो. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी आम्ल लावीत, त्यावरून त्याला हे सुचले. १९८० नंतरच्या दशकात पोर्सेलीनलाही तीच युक्ती लागू पडली आणि पापुद्रा दाताला कायमचा जडला. शास्त्राची ही प्रगतीच, मी ती नाकारीत नाही. त्याच शोधावर आज कितीतरी फुटके दात वाचतात. पण एक गोष्ट मला राहून राहून वाटते. पिंकसचे नट सोंग उतरवून घरी जात आणि स्वतःच्या दातांनी जेवत. आमच्या मुलींना मात्र सोंग घेऊनच जन्म काढावा लागणार.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची हकीकत याच कारणाने सांगते. मुलगी गुणी, नोकरी करणारी. लग्न ठरले. मुलाकडच्या एका बाईंनी सहज म्हणून सुचवले, 'मुलगी छानच आहे हो, फोटोत तेवढे दात जरा...' त्या 'जरा'वर घरात आठ दिवस झोप नाही. मुलीचा एक सुळा शेजारच्या दातावर किंचित चढलेला, एवढेच. तिचे वडील सुतार. कुठल्याशा दवाखान्याचा खर्चाचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले. बँकेतली ठेव मोडायची तयारी करूनच आले होते. मी त्यांना वर लिहिले तेच सारे समजावून सांगितले. ते ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, "म्हंजे आधी रंधा मारणार म्हणा की, बाई!"

"रंधाच."

"अन् दात किडलाय का तिचा?"

"दात ठणठणीत आहे."

"मग सागवानावर सनमायका कोण मारतं हो?" असे म्हणून त्यांनी तो कागद चार घड्या घालून खिशात टाकला. मुलगी सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन दाखवून आली. तिथे दात स्वच्छ करून दिले आणि सुळा जागेवर आणायचाच असेल तर तारा लावता येतील, त्याला वर्षदीड वर्ष लागेल, असे सांगितले. "पुढचं पुढे बघू, बाई," ती मला म्हणाली. लग्न ठरल्या तिथीला झाले, फोटोत सुळा आहे.

लाखो रुपये घेऊन तीस वर्षे घासलेले शिक्षण जे सांगणार नाही ते त्या सुताराने एका वाक्यात सांगितले, असे मी म्हटले तर दंतवैद्य मंडळी रागावतील. पण त्यांच्यातली भली माणसे हेच सांगतात, हे मला ठाऊक आहे. पिवळटपणा आहे? आधी साफ करून पाहू, मग हवे तर ब्लीच करू. वाकडे आहेत? तारा लावू. टवका उडाला आहे? तेवढाच भरू. तासणे सर्वांत शेवटी. माझे भांडण आहे ते तासण्यापासूनच सुरुवात करणाऱ्यांशी.

त्यांचा कहर कुठवर जातो पाहायचे असेल तर ब्रिटनकडे पाहावे. स्वस्त म्हणून तिथली तरुण मुले विमानाने तुर्कस्तानात जाऊन दात करून येऊ लागली आणि त्या दातांना 'टर्की टीथ' असे नावच पडले. त्यांतल्या कित्येकांना सांगितले व्हेनियर आणि प्रत्यक्षात दात चोहोबाजूंनी कोरून वर टोपी बसवली, अशा तक्रारी निघाल्या. व्हेनियर आणि टोपी यांत फरक केवढा? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात असे दिसले की पुढच्या दातावर व्हेनियर बसवताना दाताच्या दिसणाऱ्या भागाचा तीन ते तीस टक्के अंश जातो. पूर्ण टोपीसाठी त्रेसष्ट ते बहात्तर टक्के. म्हणजे दात गेला आणि खुंटी राहिली. आपल्याकडेही 'व्हेनियर की टोपी?' हे शब्द उच्चारून विचारल्याशिवाय कुणी खुर्चीत तोंड उघडू नये.

कुणाला याची खरोखर गरज असते, हेही सांगायला हवे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत कितीतरी गावांच्या विहिरी आणि बोअर यांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी, दात घडत असताना, ते पाणी पोटात गेले की कवचच डागाळलेले घडते. वर्गात हसताना तोंडावर हात धरणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी अशा एखाद्या मुलाला मोठेपणी व्हेनियर करून घेताना ब्र काढू नये. मीही काढणार नाही. सायकलवरून पडून दात तुटलेल्याचीही तीच गोष्ट. पण त्या गावांत पहिल्या सात-आठ वर्षांत मुलांना चांगले पाणी मिळाले तर हा प्रश्न उगवतच नाही, आणि त्या पाण्याची जाहिरात मात्र कुणाच्या फोनवर येत नाही.

'आमचे दात, आमचे पैसे, तुम्हांला काय?' असे तरुण मंडळी विचारतील. विचारावे. मीही विचारते, ही पसंती तुमची की फोनची? एके काळी आपल्याकडच्या सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत, आणि ते सौंदर्य मानले जाई. जपानातही तीच रीत होती. १८७३ साली तिथली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि काळ्या दातांची प्रतिष्ठा ओसरू लागली. काळा गेला, पांढरा आला. आजचा हा चुन्याच्या भिंतीसारखा पांढरा उद्या टिकेल, हे कुणी लिहून देईल का? दातवण सोडता येत होते. आमच्या कवींनी दातांना कुंदाच्या कळ्या म्हटले, डाळिंबाचे दाणे म्हटले; पण कुंदाच्या दोन कळ्या कधी एकसारख्या नसतात, आणि डाळिंबाचा दाणा काही खडूइतका पांढरा नसतो. प्रत्येक मंगलकार्यात ज्याला आधी बोलावतो त्या गजाननाचा तर एक दात मोडका. त्यावरून त्याला नाव मिळाले, तो झाकायची बुद्धी कुणाला झाली नाही.

राहिला रोजचा जाच. व्हेनियर असलेल्याने पुढच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही, नखे कुरतडायची नाहीत. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री तोंडात खोळ घालून निजायचे. कॉम्पोझिटवर चहाचा आणि हळदीचा रंग चढतो. पोर्सेलीनवर तो फारसा चढत नाही, पण शेजारचे अस्सल दात वयानुसार पिवळे होतात आणि हे मात्र होते तसेच राहतात, त्यामुळे चाळिशीत तोंडात दोन रंगांच्या दोन पंगती बसतात. हिरडी मागे सरली की सांधा उघडा पडतो. सांध्यात कीड शिरली तर ती पापुद्र्याआड वाढते आणि कळायला उशीर होतो.

आता मुलाकडच्या मंडळींना दोन शब्द. सुनेच्या सुळ्यावर बोट ठेवण्याआधी चिरंजीवांना आ करायला सांगा. गालात तंबाखूची गोळी आहे का बघा, हिरड्यांवर पांढरा चट्टा आहे का बघा. असलाच तर त्याला उद्याच दवाखान्यात न्या, मुहूर्ताची वाट पाहू नका. तोंडाच्या कर्करोगावर चढवायचा पापुद्रा अजून कुणी काढलेला नाही.